जुन्या होडीचा नऊ महिन्यांचा हिशेब

१८ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी तुळशी जलाशयात आमच्या आबांचा तराफा उलटला. थर्माकोलचे ठोकळे पोत्यांत शिवून त्यावर बांबू बांधलेला तो तराफा होता. जाळ्यात सात-आठ किलोचा कटला अडकला होता. तो ओढताना वजन एका बाजूला गेले आणि आबा अंगातल्या स्वेटरसकट पाण्यात पडले. त्यांना पोहता येते, पण जाळे पायाला गुंडाळले गेले होते. धाकट्या भावाने काठावरून उडी मारून कोयत्याने ते कापले, म्हणून आबा घरी आले. त्या रात्री आम्ही तिघांनी ठरवले की पुढच्या हंगामात तराफा पाण्यात घालायचा नाही, होडी घ्यायची.

मी कोल्हापुरात एका कापड दुकानात हिशेब लिहिते. आबा आणि भाऊ राधानगरी तालुक्यात धामोडजवळ, तुळशी धरणाच्या पाण्याशेजारी राहतात. होडीतले मला काही कळत नव्हते. कागदपत्रे, पैसे आणि तारखा सांभाळणे एवढेच माझ्या वाट्याला आले. तरीही जानेवारी ते ऑक्टोबर २०२५ या काळात जे शिकायला मिळाले ते आधी कोणी सांगितले असते तर आमचे काही हजार रुपये आणि दोन महिने वाचले असते, म्हणून सगळे क्रमाने लिहिते आहे.

पैशांपासून सुरुवात करते. माझ्या भिशीचे ३६,००० रुपये मार्चमध्ये हाती येणार होते. आबांकडे १४,००० होते, भावाने ८,००० दिले आणि मी पगारातून १२,००० बाजूला काढले. एकूण ७०,००० रुपये झाले. दोन माणसे आणि जाळे घेऊन जाईल अशा फायबरच्या नव्या होडीचा दर आम्ही दोन ठिकाणी विचारला, तर एकाने ९५,००० आणि दुसऱ्याने १,१०,००० सांगितले. त्यात वाहतूक धरलेली नव्हती. नवी होडी आमच्या आवाक्याबाहेर आहे हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट झाले.

६ जानेवारीला अर्धा दिवस रजा काढून मी कोल्हापुरातील मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात गेले. होडी आणि जाळ्यांवर अनुदान मिळू शकते, पण आधी मंजुरी घ्यावी लागते आणि नंतर नव्या वस्तूचे पक्के बिल जोडावे लागते, जुन्या होडीसाठी ते चालत नाही, असे तिथल्या लिपिकांनी नीट समजावून सांगितले. ज्यांना थांबणे शक्य आहे त्यांनी आधी तिथेच चौकशी करावी. आम्हाला पुढच्या हंगामापर्यंत थांबायचे नव्हते.

त्याच भेटीत किसान क्रेडिट कार्डाची माहिती मिळाली. शेतकऱ्यांसाठीची ही सोय २०१८-१९ पासून मासेमारी करणाऱ्यांनाही लागू झाली आहे. व्याजदर सात टक्के असतो आणि वेळेवर परतफेड केल्यास सवलत मिळून तो चार टक्क्यांवर येतो. मात्र हे कर्ज हंगामी खर्चासाठी असते, होडी विकत घेण्यासाठी नाही. आम्ही फेब्रुवारीत अर्ज केला. आधार, बँकेचे पासबुक, आबांच्या सभासदत्वाचा मच्छीमार सहकारी संस्थेचा दाखला आणि फोटो एवढे कागद लागले, आणि चार हेलपाट्यांनंतर २२ एप्रिलला ३०,००० रुपयांची मर्यादा मंजूर झाली. ते पैसे आम्ही फक्त जाळी, दोर आणि बर्फाच्या पेटीसाठी ठेवले. कर्जाचा एकही रुपया होडीत घालायचा नाही ही आबांची अट होती, आणि पुढे खर्च वाढत गेला तेव्हा तीच अट आमच्या उपयोगी पडली.

आता चुकीबद्दल लिहिते, कारण ती माझ्याकडून झाली. ९ मार्चला शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात आम्ही लाकडी होडी पाहिली. किंमत २८,००० सांगितली होती आणि होडी देखणी होती, नुकताच निळा रंग दिलेला होता. आबा होडीभोवती दोनदा फिरले आणि मला हळूच म्हणाले, "रंगाकडं बघू नगं, बुडाकडं बघ." लाकडी होडी बराच काळ कोरडी राहिली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. ही होडी दोन वर्षे गोठ्यात पडून होती आणि सांध्यांत भरलेले डांबर ठिकठिकाणी निघाले होते. आबांना ती पसंत नव्हती. पण एवढ्या कमी किमतीत दुसरी मिळणार नाही या भीतीने मी त्यांचे मन वळवले आणि ५,००० रुपये विसार देऊन टाकला. पावती घेतली नाही. दोन आठवड्यांनी कळले की होडी तीन भावांच्या सामाईक मालकीची होती आणि धाकट्या भावाचा विक्रीला नकार होता. व्यवहार मोडला. पुष्कळ फोन केल्यावर मे महिन्यात २,००० रुपये परत आले, उरलेले ३,००० गेले. त्या रकमेपेक्षा आबांचा शब्द डावलल्याचे दुःख मला जास्त झाले. विसार कितीही लहान असो, साध्या कागदावर का होईना, देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, होडीचे वर्णन, मालक किती आणि व्यवहार मोडल्यास पैसे कधी परत मिळणार, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

यानंतर आमचे लक्ष कोकणाकडे गेले. माझी मावसबहीण देवगडला दिली आहे. तिच्या सासऱ्यांनी सांगितले की १ जून ते ३१ जुलै समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मे महिन्यात होड्या किनाऱ्यावर ओढायला सुरुवात होते आणि ज्याला विकायची असते तो पावसाळ्यात ती सांभाळत बसण्यापेक्षा चार पैसे कमी घ्यायला तयार होतो. जुनी होडी पाहायची तर जमिनीवर असतानाच पाहावी, कारण तेव्हाच तिचा तळ दिसतो, हेही त्यांनीच सांगितले.

२६ एप्रिलला शनिवारी दुपारी आम्ही मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीने निघालो. महिला म्हणून मला आणि पासष्टी ओलांडल्यामुळे आबांना अर्धे तिकीट पडले, ही छोटी गोष्टही त्या दिवसांत मोठी वाटली. दुसऱ्या दिवशी चार होड्या पाहिल्या. काकांनी, म्हणजे बहिणीच्या सासऱ्यांनी, फायबरची होडी कशी पाहायची हे आम्हाला हाताला धरून शिकवले.

रुपयाच्या नाण्याची कड घेऊन ते होडीच्या अंगावर वीतभर अंतराने ठोकत गेले. जिथे फायबरचे थर एकमेकांना घट्ट धरून आहेत तिथे टणक आवाज येतो, आणि जिथे आत पाणी शिरून थर सुटले आहेत तिथे बद्द आवाज येतो. अशा प्रत्येक जागेवर त्यांनी खडूने गोल काढला. पहिल्या होडीवर इतके गोल झाले की मालकानेच ती बाजूला सारली. मग मशीन, म्हणजे इंजिन, ज्या मागच्या फळीवर बसवतात ती दोन्ही हातांनी धरून हलवायची. या फळीत बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी आत गेले की ते वरून न दिसता कुजते. दुसऱ्या होडीची फळी हातात किंचित हलली आणि बोल्टच्या भोकाभोवती तपकिरी ओघळ होता, म्हणून तीही सोडली. तिसऱ्या होडीचा रंग ताजा होता आणि जवळ गेल्यावर रेझिनचा, म्हणजे फायबरचे थर चिकटवणाऱ्या द्रवाचा, वास येत होता. ताजा रंग आणि रेझिनचा वास एकत्र आले तर आत काय बुजवले आहे हे मालकाला विचारलेच पाहिजे. त्या मालकाने सरळ उत्तर दिले नाही.

चौथी होडी रंग उडालेली होती, झापांखाली ठेवलेली होती, आणि तिच्यातले सगळे दोष उघड दिसत होते. नाण्याने तीन जागा बद्द वाजल्या, त्या तिन्ही पाणरेषेच्या, म्हणजे होडीच्या अंगावर पाणी जिथवर येते त्या रेषेच्या, वर होत्या. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळ, धक्का लागून एका बिंदूपासून फुटलेल्या बारीक भेगा होत्या. मागची फळी मात्र घट्ट होती. मालकाने लांबी १८ फूट सांगितली होती, आमच्या टेपने ती साडेसोळा भरली. टेप स्वतःची न्यावी. लांबी वाहतुकीच्या भाड्यातही मोजली जाते आणि किमतीच्या घासाघिशीतही.

मालकाने ४८,००० सांगितले आणि मशीन हवे असल्यास आणखी ४५,०००. मशीन आम्ही घेतले नाही. आमच्या संस्थेच्या सभासदांच्या सगळ्या होड्या वल्ह्यांवर चालतात, आणि जुन्या मशीनची परीक्षा करणारे आमच्यात कोणी नव्हते. ज्याची परीक्षा आपल्याला करता येत नाही ते कमी पैशांत घेऊ नये असे काकांचे मत होते आणि ते मला पटले.

११ मेला आम्ही परत गेलो, यावेळी भाऊही बरोबर होता. काका आदल्या दिवशी फोनवर म्हणाले होते, "पैसे घाईत देव नको, आधी होडी पाण्यात घालून बघ." सहा जणांनी होडी उचलून खाडीत घातली. आतला तळ कोरड्या फडक्याने पुसून घेतला, तिघे जण आधी एका कडेला आणि मग दुसऱ्या कडेला बसले, आणि तासाभराने तेच फडके पुन्हा तळावर फिरवले. एका बाकाच्या बुडाशी ओल आली, बाकी तळ कोरडा होता. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे हीच होडी धरणात किंचित खोल बसेल, हे लक्षात ठेवून आम्ही पाणरेषा खडूने आखून ठेवली. बद्द जागा, भेगा, कमी भरलेली लांबी आणि बाकाखालची ओल एकेक करून समोर मांडल्यावर ३८,५०० वर सौदा ठरला. या वेळी ५,००० रुपयांचा विसार यूपीआयने दिला आणि पावती लिहून घेतली.

कागदपत्रांना सौद्यापेक्षा जास्त वेळ लागला. समुद्रात मासेमारी करणारी होडी मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदवलेली असते आणि तिच्यावर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. मूळ नोंदणी प्रमाणपत्र मालकाच्याच नावावर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा आहे का, आणि त्यांच्या मच्छीमार संस्थेची बाकी आहे का, या तीन गोष्टी आम्ही पाहिल्या. संस्थेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला. होडी समुद्र सोडून जाणार असल्यामुळे तिची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज मालकाने १३ मे रोजी परवाना अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला. यात विकणाऱ्याचाही फायदा असतो, कारण होडी आपल्या नावावर राहिली आणि पुढे काही घडले तर चौकशी त्याच्याकडेच येते. हे समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतः पाठपुरावा केला. उत्तर ३० मे रोजी मिळाले, म्हणजे सतरा दिवसांनी.

या सतरा दिवसांत माझा जीव टांगणीला लागला होता. टेम्पो आम्ही २६ मेसाठी ठरवला होता, पण त्या वर्षी मोसमी पाऊस फार लवकर आला आणि २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला. कागद हाती नाहीत, घाटात मुसळधार पाऊस, आणि होडी समुद्रकिनाऱ्यावर. टेम्पोवाल्याने दोनदा तारीख पुढे ढकलली आणि जादा पैसे मागितले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. महिनाअखेरीस पाऊस ओसरला. २ जूनला देवगडला ५०० रुपयांच्या मुद्रांकावर विक्रीपत्र केले आणि दोन साक्षीदारांसमक्ष नोटरी केली. त्यात लांबी, रुंदी, खोली, रंग, रद्द झालेला नोंदणी क्रमांक आणि 'मशीनशिवाय' हा शब्द मुद्दाम लिहून घेतला. मुद्रांक, टंकलेखन, नोटरी आणि झेरॉक्स मिळून १,०५० रुपये लागले. उरलेले ३३,५०० त्याच टेबलावर यूपीआयने दिले आणि व्यवहार क्रमांक विक्रीपत्रावर लिहिला.

३ जूनला पहाटे होडी टेम्पोत चढवली. ती पालथी ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी साचून वजन वाढत नाही. खाली जुने टायर, दोन ठिकाणी नायलॉनचे दोर, आणि मागे बाहेर आलेल्या भागाला लाल कापड. फोंडा घाट चढून दाजीपूरमार्गे राधानगरीकडे येताना वाटेत एकदा गाडी थांबवून चौकशी झाली. विक्रीपत्र आणि रद्द नोंदणीची प्रत दाखवल्यावर पाच मिनिटांत सोडले. कागद चालकाजवळ हाताशी असावेत, बॅगेच्या तळाशी नसावेत. भाडे ९,५०० आणि दोन्हीकडची हमाली १,८०० झाली.

दुरुस्तीचा खर्च मी ५,००० धरला होता. तो १२,४०० झाला. रेझिन, फायबरची चटई, हार्डनर, अॅसिटोन आणि पॉलिशपेपर हे सामान शिवाजी उद्यमनगरातून ७,९०० रुपयांना आणले, आणि फायबरचे काम करणाऱ्या एका कारागिराने तीन दिवसांचे ४,५०० घेतले. त्यांनी बद्द वाजणारा भाग वरून न लिंपता ग्राइंडरने टणक थर लागेपर्यंत खरवडून काढला आणि आठ दिवस तसाच उघडा वाळत ठेवायला सांगितला. आत ओल राहिली किंवा हवा दमट असली तर नवा थर जुन्याला नीट धरत नाही. जुलैत राधानगरी तालुक्यात कोरडा दिवस शोधणे किती कठीण आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. गोठ्यात ताडपत्री लावून, दोनशे वॅटचा दिवा रात्रभर जाळून आम्ही तो भाग सुकवला, आणि काम प्रत्यक्षात ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात झाले. रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचे प्रमाण रेझिनच्या एक ते दोन टक्के ठेवतात. तो जास्त पडला तर रेझिन भांड्यातच तापून घट्ट होते. आमचे एक भांडे असे वाया गेले. बाकाच्या बुडाची ओल मात्र साध्या भेगेतून येत होती, ती दोन थरांत बंद झाली. रंगाला १,४५०, वल्ह्यांच्या जोडीला १,६०० आणि दोन लाइफ जॅकेटना २,२०० रुपये लागले. जॅकेटवर आबांनी हरकत घेतली की त्यात हात मोकळे राहत नाहीत. मी ऐकले नाही.

जलाशयातील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून होडी कोणाची, किती लांबीची, हे संस्थेच्या नोंदवहीत यावे लागते. १४ सप्टेंबरच्या सभेत तसा ठराव झाला आणि २०० रुपये भरून होडीला क्रमांक मिळाला. त्याच आठवड्यात सेवा केंद्रात बसून आबा आणि भाऊ या दोघांची राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल पोर्टलवर नोंदणी केली. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासेमारी करणाऱ्यांचा गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २५,००० रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आणि हप्ता मासेमाराला भरावा लागत नाही. नोव्हेंबरमधल्या त्या संध्याकाळी आमच्याकडे यातले काहीच नव्हते. ज्यांच्या घरात कोणी पाण्यावर जाते त्यांनी होडी घेण्याची वाट न पाहता विम्याची चौकशी आजच करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वहीतील बेरीज ७३,८४० रुपये झाली. त्यात बुडालेला विसार ३,००० आणि देवगडच्या फेऱ्यांचे २,१४० धरले आहेत. होडीची किंमत त्यातली ३८,५००, म्हणजे निम्म्याहून थोडीच जास्त. आम्ही ठरवलेल्या ७०,००० च्या वर ३,८४० गेले ते माझ्या पुढच्या पगारातून दिले. जर आम्ही मशीनसह किंवा पहिल्या मागणीच्या ४८,००० ला होडी घेतली असती तर दुरुस्तीला पैसे उरले नसते आणि बद्द वाजणारा भाग तसाच ठेवून ती पाण्यात घालावी लागली असती. सत्तर हजार जवळ असतील तर चाळीसच्या वरची होडी पाहायला जाऊ नये असे मी आता ओळखीच्या लोकांना सांगते.

१ ऑक्टोबरला खंडेनवमीच्या दिवशी कोयता, जाळी आणि वल्ह्यांबरोबर होडीची पूजा केली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी ती तुळशीच्या पाण्यात गेली. धरण काठोकाठ भरले होते. भाऊ वल्ह्यांवर बसला, आबा नाळेकडे जाळे घेऊन, आणि मी मधल्या बाकावर. खडूची जुनी रेघ रंगाखाली गेली होती, पण पाणी साधारण तिच्याच वर बोटभर आले. जाळ्यात चिलापी होती आणि दोन रोहू, मिळून अकरा किलो. आबांनी जाळे उभे राहून ओढले, जॅकेट घालून. काठाला लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा मासे उतरवले नाहीत. खिशातून कोरडे फडके काढून बाकाच्या बुडाशी फिरवले, हातात धरून पाहिले, आणि ते माझ्याकडे दिले. ते कोरडेच होते.